माइक आधी की प्रीअँप? घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी एक तुलना

माझी भाची कोथरूडला राहते. ख्याल शिकते आणि गेल्या वर्षापासून गोष्टींचं अभिवाचनही घरीच रेकॉर्ड करते. परवा तिने विचारलं, "मामा, साधा कंडेन्सर आणि भारी प्रीअँप घेऊ, की भारी कंडेन्सर आणि साधा इंटरफेस?" पैसे ठरलेले, दोन्ही भारी घेणं शक्य नाही. (कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा माइक. प्रीअँप म्हणजे माइकचा दुबळा सिग्नल मोठा करणारा भाग. इंटरफेस म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, तिच्यात एक प्रीअँप असतोच.) हा पेच बऱ्याच जणांना पडतो, म्हणून तिला दिलेलं उत्तर इथे नीट मांडतो.

कंडेन्सर घ्यायचा असेल तर पैसे माइकमध्ये घाला. इंटरफेसमधला प्रीअँप पुरतो.

कारण आकड्यांत दिसतं. प्रत्येक कंडेन्सरचा स्वतःचा एक बारीक "सूं" असतो, त्याला सेल्फ नॉइज म्हणतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा तो २० डेसिबल आहे, एटी२०३५ चा १२, आणि रोडच्या एनटी१-ए चा फक्त ५. प्रीअँपचाही आवाज असतो, पण तो डीबीयू या विद्युत पातळीच्या मापात देतात (आकडा जितका जास्त उणे, तितका आवाज कमी), त्यामुळे दोघांची थेट तुलना कोणी करत नाही. माइकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तो किती आवाजाला किती सिग्नल देतो ते, धरून हिशोब केला, तर एटी२०२० चा सूं प्रीअँपच्या तोंडाशी साधारण उणे १०९ डीबीयूवर येतो, एटी२०३५ चा उणे ११३ वर आणि एनटी१-ए चा उणे ११९ वर. आता समोर फोकसराइट स्कारलेट २आय२ या इंटरफेसची चौथी आवृत्ती ठेवा. तिचा आवाज उणे १२७. एसएसएल २ हा इंटरफेस घेतलात तर उणे १३०.५. म्हणजे सगळ्यात शांत माइक लावला तरी प्रीअँप त्याच्याहून ८ डेसिबल खाली. एनटी१-ए च्या सूंमध्ये स्कारलेटने पडणारी भर पाऊण डेसिबलहूनही कमी, आणि एसएसएल घेऊन त्यातला जेमतेम एक तृतीयांश डेसिबल वाचतो. तो कानाला कळत नाही. उलट एटी२०२० वरून एनटी१-ए वर गेलात तर सूं १५ डेसिबल उतरतो, आणि तो हेडफोनवर लगेच कळतो.

हे मला आधी माहीत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला सूं घालवायला मी वेगळा ट्यूब प्रीअँप घेतला होता. सहा महिन्यांची बचत त्यात गेली आणि सूं होता तिथेच राहिला, कारण तो माइकचा होता. तसा प्रीअँप गेन चढवून, म्हणजे सिग्नल जास्त मोठा करून, आवाजाला मुद्दाम रंग आणण्यासाठी वापरतात, आणि त्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. पण सूं घालवण्यासाठी घेऊ नये.

मग सगळ्यांनी एनटी१-ए च घ्यावा का? नाही. काय रेकॉर्ड करणार आहात त्यावर ते ठरतं. अभिवाचन, पॉडकास्ट, खुल्या आवाजाचं गाणं यांना एटी२०२० पुरतो. वीतभर अंतरावरून बोललात तर २० डेसिबलचा सूं आवाजाच्या मागे दडतो. तानपुरा, सतार, मंद्रातली आलापी यांचं तसं नाही. जवारीची ती बारीक झणझण वरच्या पट्टीत असते आणि माइकचा सूंही तिथेच ऐकू येतो. तानपुऱ्याच्या दोन छेडींमध्ये आवाज विरत जातो, तेव्हा सूं उघडा पडतो. अशा कामाला एनटी१-ए च.

रस्त्यालगतच्या घरांसाठी मात्र एटी२०३५ मला या दोघांहून कामाचा वाटतो. त्याच्यावर ८० हर्ट्झखालचं कापणारं बटण आहे, त्यामुळे खालून जाणाऱ्या बसची घरघर माइकमध्येच बरीच कमी होते. शिवाय १० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल तेवढा उतरवणारं बटण, आहे. तबल्याजवळ माइक ठेवला की तो उपयोगी पडतो. एनटी१-ए वर यातलं एकही बटण नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात पाहून कळत नाही, ती आपल्याच तोंडाने तपासावी लागते. एनटी१-ए वरच्या पट्टीत उजळ आहे. मराठीत "चहा", "चमचा", "जहाज" यांतले च आणि ज दातांवरून निघतात आणि "स" ला जाऊन मिळतात. दातांत फट असलेल्यांच्या आवाजात ते या माइकवर टोचतात. म्हणून भाचीला एक ओळ दिली: "चहाचा चमचा सांडला, साखर सगळी साचली." तीच ओळ निवडीतल्या दोन्ही माइकवर, त्याच अंतरावरून रेकॉर्ड करायची आणि हेडफोनवर ऐकायची. दुसरी ओळ "भोपळा, फणस, भाकरी, धबधबा" अशी. भ आणि फ वर धप्प आवाज आला तर पॉप फिल्टर लावा, नाहीतर माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला घ्या. माइक एका दिवसापुरता भाड्याने किंवा ओळखीत मिळाला तर ही चाचणी केल्याशिवाय विकत घेऊ नका.

आता खोली. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, खाली फरशी, उघड्या भिंती. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट घुमते आणि तिच्या दुपटीला, म्हणजे ११२ लाही. तिन्ही बाजू सारख्या असल्या की ही घुमी त्याच आकड्यांवर साठते. भाचीच्या गुरुजींचा षड्ज काळी एकचा आहे. त्या पट्टीतला मंद्र कोमल धैवत ११० हर्ट्झवर येतो, म्हणजे त्या ११२ च्या लगतच. त्या खोलीत त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा तोच एक स्वर फुगून आला, बाकीचे जागेवर होते. त्यावर ना माइक उपाय आहे ना प्रीअँप. माइक खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवा, कोपऱ्यात गादी उभी करा, गाणाऱ्याच्या मागे दोन गोधड्या टांगा. गोधड्यांनी वरचा खणखणाट जातो, खालची घुमी मात्र थोडीच कमी होते. त्यासाठी जाड गादीच लागते.

आता प्रीअँपवर खर्च करावा अशी एक जागा. घर अगदी हमरस्त्यावर असेल, किंवा नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असेल, तर कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक (बाहेरची वीज न लागणारा साधा माइक) तोंडाशी धरून काम केलेलं बरं. माइक "जास्त ऐकतो" म्हणून बाहेरचं येतं असं नाही, आपण लांबून बोलतो म्हणून येतं. अंतर निम्मं केलं की बाहेरच्या गोंगाटाच्या तुलनेत आपला आवाज ६ डेसिबलने चढतो, आणि डायनॅमिक माइक तोंडाला लागेल इतका जवळ घेता येतो. पण शूरच्या एसएम७बी या डायनॅमिक माइकचा आउटपुट एनटी१-ए च्या साधारण बाविसाव्या भागाइतका असतो. त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळणारा गेन ५६ होता, चौथीत ६९ आहे. इथे शांत आणि दमदार प्रीअँपचा पैसा वसूल होतो.

दोन गोष्टी पुण्याच्या पावसासाठी. कंडेन्सरच्या पडद्यावर दमट हवा बसली की चरचर येते. आषाढ-श्रावणात काम संपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसरी, जुन्या इमारतींतल्या अर्थिंगची. गुणगुण ऐकू आली की आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर प्रीअँप बदलू नका, वायरमनला बोलवा.

भाचीने दोन्ही माइक ओळखीतून एका रात्रीसाठी आणले. पंखा बंद, खिडक्या बंद, साडेअकरा वाजता तानपुरा लावून बसली. "चमचा" तिच्या तोंडात एनटी१-ए वर टोचला नाही, आणि तानपुरा विरताना मागे काहीच ऐकू आलं नाही. तिने तोच घेतला, सोबत साधा इंटरफेस. उरलेल्या पैशांत जड स्टँड आणि दोन जाड गाद्या आल्या.