फ्लूच्या केसेस आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

नाशिकला मुंबई नाक्याच्या पुढे आमचं मध्यम आकाराचं हॉस्पिटल आहे, तिथे मी एमआरडी, म्हणजे पेशंटच्या रेकॉर्डचा विभाग, सांभाळते. पावसाळ्याआधी आमच्याकडे रेकॉर्ड आणि कोडिंगचं नवीन सॉफ्टवेअर बसवलं. कोडिंग म्हणजे डॉक्टरांच्या निदानाला आयसीडी-१० या डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीतला कोड लावणं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण यातलं बरंच काही इतर कंपन्यांच्या मॉड्यूललाही लागू पडेल. डेंग्यू, प्रसूती, फ्रॅक्चर या केसेसमध्ये त्याने फारसा त्रास दिला नाही. खरा कस लागला तो फ्लूमध्ये, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहिते.

फ्लूचे कोड मोजकेच आहेत, पण त्यांच्यातला फरक आजाराच्या तीव्रतेवर नाही, पुराव्यावर ठरतो. तपासणीत नेहमीचा हंगामी विषाणू सापडला तर जे१०. प्राण्यापक्ष्यांकडून आलेला किंवा महासाथीचा विषाणू सापडला तर जे०९. डॉक्टरांनी फ्लू म्हटलंय पण विषाणू सापडलेला नाही, तर जे११. सोबत न्यूमोनिया असेल तर पुढे .०, श्वसनमार्गाची बाकीची लक्षणं असतील तर .१, आणि इतर काही असेल तर .८. त्यामुळे डॉक्टरांनी केस पेपरवर फ्लू कशावरून म्हटलाय हे लिहिलंच नसेल, तर एमआरडीत बसलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

या सॉफ्टवेअरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नेमकी इथेच आहे, आणि डेमोच्या वेळी ती कुणी दाखवलीही नव्हती. निदानाच्या खाली एक छोटा रकाना आहे: ‘कशावरून?’ त्यात पीसीआर, रॅपिड टेस्ट, फक्त लक्षणं, रिपोर्ट बाकी असे पर्याय आहेत. ‘रिपोर्ट बाकी’ निवडलं की पेशंट घरी गेला तरी फाइल बंद होत नाही, माझ्या यादीत लाल रंगात उभी राहते. सुरुवातीला आमचे फिजिशियन सर म्हणाले होते, “ताई, राउंडमध्ये एवढं भरत बसायला वेळ कुणाला आहे?” आता ते सिस्टरना तोंडी सांगतात आणि सिस्टर भरतात. माझं काम त्यावर भागतं.

एक केस सांगते. गोडी छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका आले. मधुमेह होता, चार दिवस ताप, आणि आता दोन पावलं चाललं तरी दम. ऑक्सिजन ८८ वर. आरएमओ (निवासी डॉक्टर) मॅडमनी केस पेपरवर लिहिलं ‘एलआरटीआय, ? व्हायरल’, म्हणजे खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग, बहुधा विषाणूचा. आरोग्य मंत्रालयाच्या वर्गवारीत अशी केस सरळ कॅटेगरी सीमध्ये, म्हणजे गंभीर गटात, जाते: ॲडमिट करा, स्वॅब घ्या, रिपोर्टची वाट न पाहता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करा. तसंच झालं, ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. काका सुधारले, आणि रिपोर्ट आला तो डिस्चार्जनंतर: एच१एन१ (स्वाइन फ्लू) पॉझिटिव्ह.

जुन्या पद्धतीत हे डिस्चार्ज कार्ड जे२२ म्हणून, म्हणजे ‘खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग, नेमका कुठला ते सांगितलेलं नाही’ असं, कपाटात गेलं असतं. इथे फाइल उघडीच होती. मॅडमनी एक्स-रे आणि रिपोर्ट पाहून फायनल डायग्नोसिस दुरुस्त केलं: इन्फ्लुएन्झा न्यूमोनिया, श्वसन निकामी होणं, मधुमेह. कोड जे१०.०, जे९६.० आणि ई११.९. न्यूमोनिया जे१०.० मध्येच धरलेला असतो, शेजारी जे१८.९ (कशामुळे ते न सांगितलेला न्यूमोनिया) लावायचा नाही, हे सॉफ्टवेअरने स्वतः अडवून सांगितलं. शाब्बास म्हणावं असं काम. सुधारलेलं कार्ड न्यायला मुलगा आला, तेव्हा आईलाही कालपासून ताप असल्याचं बोलता बोलता म्हणाला. मॅडमनी त्याच दिवशी तिला ओपीडीत बोलावून घेतलं.

आता तक्रारी.

‘स्वाइन फ्लू’ टाइप केलं की सगळ्यात वर जे०९ येतो. हे धोक्याचं आहे. २००९ ची महासाथ ऑगस्ट २०१० मध्ये संपल्याचं डब्ल्यूएचओने जाहीर केलं. तो एच१एन१ आता दरवर्षी फिरणाऱ्या हंगामी विषाणूंपैकी एक आहे, म्हणून त्याचा कोड जे१०. आपल्याकडे लोक आणि डॉक्टर दोघंही अजून स्वाइन फ्लूच म्हणतात. घाईत पहिल्या ओळीवर क्लिक झालं, तर आपल्या रेकॉर्डमध्ये बर्ड फ्लूच्या रांगेतला पेशंट तयार होतो.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. कोडची यादीच भेसळीची आहे. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम मिसळलेली. जे१०.० च्या खाली जे१०.०१, जे१०.०८ दिसतात, मध्येच जे१०.८२ म्हणजे फ्लूमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. हे अमेरिकेचे जास्तीचे अंक आहेत. लसीच्या वेळी तर कहर झाला. स्टाफला फ्लूची लस दिली, सॉफ्टवेअरने लावला झेड२३. अमेरिकेत कुठल्याही लसीला झेड२३ चालतो. डब्ल्यूएचओच्या पुस्तकात मात्र झेड२३ एकेकट्या जिवाणूजन्य आजारांच्या लसींसाठी आहे, आणि फ्लूच्या लसीला स्वतंत्र झेड२५.१. सपोर्टवाल्या मुलाला पुस्तकाचं पान उघडून दाखवलं, तेव्हा त्याला पटलं. यादी बदलून मिळायला मात्र दिवाळी उलटली.

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह भरली की निदान आपोआप जे०६.९ होतं, म्हणजे साधी सर्दी-घसा. हे अजूनही सुधारलेलं नाही. रॅपिड निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं ठरत नाही. डॉक्टर लक्षणं पाहून फ्लू म्हणत असतील तर तो जे११.१ राहिला पाहिजे. निदान डॉक्टरांचं असतं, ते मशीनने परस्पर पुसू नये. हे मी हाताने बदलते आणि दर वेळी चिडचिड होते.

सर्चमध्ये ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलं की जे१४ सुद्धा येतो. तो हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचा न्यूमोनिया, फ्लूशी संबंध नाही. (१८९२ मध्ये फायफर यांना हाच जिवाणू फ्लूचं कारण वाटला होता, तेव्हापासून नाव चिकटलं. माणसातला खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला.) नवीन मुलींना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं.

ओपीडीबद्दल फार लिहीत नाही. तिथे ‘व्हायरल फिव्हर’चं बटण आहे, दाबलं की बी३४.९. कॅटेगरी एच्या, म्हणजे सौम्य लक्षणांच्या, पेशंटची तपासणी करायची नसतेच, त्यामुळे जे१० ची संख्या कमी दिसणार, ते ठीक आहे. पण खोकला, अंगदुखी, कणकण असं सगळं लिहिलेला पेशंटही त्या बटणाखाली गेला, तर सातपूर-अंबडच्या कामगारांमध्ये फ्लू कधी वाढला हे आमच्या रेकॉर्डवरून कुणालाच कळणार नाही. आयएचआयपीच्या, म्हणजे साथीच्या आजारांच्या सरकारी पोर्टलच्या, पी फॉर्ममध्ये डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलेले संभाव्य आणि एल फॉर्ममध्ये लॅबने खात्री केलेले वेगळे जातात. आमच्या कोडमध्येही तो फरक दिसायला हवा.

आयसीडी-११ ची, म्हणजे त्याच यादीच्या नव्या आवृत्तीची, टॅब आहे, १ई३०, १ई३१, १ई३२ असे फ्लूचे कोड दिसतात, पण इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मच्या पार्ट बीमध्ये (हॉस्पिटलने भरायचा भाग) आयसीडी-१०च मागतात, म्हणून ती वापरली नाही.

घ्यावं का? ‘कशावरून?’ या रकान्यासाठी मी घ्या म्हणेन. फक्त पैसे देण्याआधी डेमोला आलेल्या माणसाला तीन गोष्टी तुमच्यासमोर टाइप करायला लावा: स्वाइन फ्लू, फ्लूची लस, आणि रॅपिड निगेटिव्ह असलेला फ्लू. जे१०, झेड२५.१ आणि जे११.१ आले नाहीत, तर यादी बदलून देण्याची तारीख करारात लिहून घ्या.