डोअर स्टेप स्कूल, पुणे : देणगी देण्याआधी हे वाचा

बांधकामावरच्या मुलांच्या शाळेला पैसे द्यायचे म्हटलं की आपण लगेच फी, वह्या, दप्तर असा हिशोब मांडतो. पण महापालिकेच्या शाळेत फी नसतेच, पुस्तकं पण फुकट, आणि २०१० ला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यापासून जन्माचा दाखला नाही म्हणून ॲडमिशन नाकारता पण येत नाही. मग डोअर स्टेप स्कूलवाले पैसे घालतात तरी कशात? आमच्या शेजारच्या साईटवर यांचा वर्ग चालतो, तिथे जाऊन बसले तेव्हा कळलं की सगळा खर्च शाळेपर्यंत पोचण्याचाच आहे, म्हणजे गाडी, शिकवणाऱ्या दीदींचा पगार, आणि मूल गळालं तर ते शोधत फिरायचं.

संस्था मुळात मुंबईची. निर्मला निकेतन कॉलेजमध्ये सोशल वर्क शिकवणाऱ्या रजनीताई परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये कफ परेडच्या झोपडपट्टीत सुरू केलेली. मुलं शाळेत जात नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या दारात न्यायची, एवढी साधी गोष्ट. १९९३ ला पुण्यात काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये मुंबईत बसमधली शाळा आली, सीटा काढून खाली बसायची सोय, पुढे फळा, आणि जिथे वर्गाला खोलीच मिळत नाही अशा ठिकाणी बस जाऊन उभी राहते. पुण्यात बांधकामं एवढी वाढली की इथे साईटवरची मुलं हेच मोठं काम होऊन बसलं. त्यात खोली, लाईट, पाणी बिल्डरने द्यायचं आणि शिकवायचं यांनी, अशी वाटणी, त्यामुळे देणगीतला पैसा भाड्यात जात नाही हे मला फार आवडलं.

आता वर्ग. पत्र्याची खोली, बाहेर मिक्सरचा आवाज, आणि आत वीसेक मुलं, कोणी नांदेडचं, कोणी कलबुर्गीचं, कोणी छत्तीसगडचं. एक आठ-नऊ वर्षांची पोरगी कडेवर बाळ घेऊन दारात उभी होती, आई स्लॅबवर कामाला. दीदीने काही न विचारता कोपऱ्यात गोधडी टाकली, बाळ तिथे झोपवलं, आणि ही बसली बाराखडी गिरवत. बाळाला घेऊन ये म्हणणारी शाळा कुठे मिळणार हो? पहिल्यांदा शाळा बघणाऱ्या मुलांची आधी साईटवर तयारी करून घेतात, मग महापालिकेच्या शाळेत नाव घालतात, आणि शाळा हायवेच्या पलीकडे असली तर ने-आणीची गाडी लागतेच, कारण सहा वर्षांचं पोर तो रस्ता एकटं ओलांडूच शकत नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. बिल्डिंग उभी राहिली की मुकादम कुटुंबं उचलून दुसऱ्या साईटवर नेतो, कधी रात्रीतून, आणि पोराची शाळा तिथेच सुटते. म्हणून 'माझं मूल' दत्तक घेतल्यासारखं, दरवर्षी त्याचा फोटो आणि मार्कशीट हवी असेल तर हे काम तुमच्यासाठी नाही. मी आधी एका दुसऱ्या संस्थेला द्यायचे, तिथून मुलाच्या नावाने गोड गोड पत्रं यायची आणि पाठोपाठ वाढीव रकमेसाठी फोन, कंटाळून बंद केलं.

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो बिल्डर लोकांचा, कारण वर्गाला खोली द्यायची म्हटलं की काहींचं आज देतो उद्या देतो चालू, आणि दिलीच तर अर्ध्या खोलीत सिमेंटच्या गोण्या.

देणार असाल तर एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडे द्या, ड्रायव्हरचा आणि दीदीचा पगार महिन्याचाच असतो. टॅक्स वाचवायचा असेल तर बघा, नवीन टॅक्स रिजिममध्ये ८०जी चा, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीचा, फायदा मिळत नाही, आणि जुन्यात पण दोन हजारांच्या वर कॅश दिलेली धरत नाहीत. आणि प्लीज, वाढदिवसाला केक घेऊन वर्गात धडकू नका, त्या दिवसाचा अभ्यास बुडतो आणि पोरं पुढचे चार दिवस केक कधी येणार तेच विचारत बसतात.