रस्टची हत्यारपेटी: खान्देशातल्या नवशिक्याच्या लॅपटॉपवर कशी चालते?

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाच्या पोरांकडून सी शिकून झाल्यावर एक प्रश्न हल्ली वारंवार येतो: रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घ्यावी का, आणि आपल्याकडे आहे त्या लॅपटॉपवर ती चालेल का? इथे परीक्षण आहे ते हातात येणाऱ्या वस्तूचं, म्हणजे रस्टअप हा इन्स्टॉलर, रस्टसी हा कंपायलर आणि कार्गो हा सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम. तिन्ही फुकट आहेत. पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ ला आली आणि तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते.

निकाल आधीच सांगतो. कंपायलर अव्वल आहे. कार्गोची सोय सीवाल्याला हेवा वाटावा अशी. विंडोजवरचं इन्स्टॉलेशन डोकं उठवतं, आणि एडिटरची जोड कमी रॅमवर जड जाते. (खाली कमांडी आणि कोड देवनागरीत लिहिले आहेत. कमांडी आणि भाषेचे शब्द टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.)

इन्स्टॉल करताना

विंडोजवर रस्टअप सुरू केलं की ते मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स मागतं. नवशिका 'नंतर बघू' म्हणून पुढे जातो आणि पहिल्याच प्रोग्रॅमला 'लिंकर लिंक डॉट ईएक्सई नॉट फाउंड' ही एरर येते. कारण साधं आहे. रस्टसी ऑब्जेक्ट फाइली स्वतः बनवतो, पण त्या जोडून ईएक्सई करायला बाहेरचा लिंकर लागतो, आणि तो या बिल्ड टूल्समध्ये असतो. हे डाउनलोड कित्येक जीबीचं आहे. यावल-रावेरकडच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवायचं म्हणजे दिवसाचा डेटा संपून वर काम अर्धवट.

त्यावर सरळ वाट अशी: रस्टअपने पर्याय विचारले की 'कस्टमाइज' निवडा आणि होस्ट ट्रिपलच्या (मशीनचा प्रकार सांगणाऱ्या नावाच्या) जागी एक्स८६_६४-पीसी-विंडोज-जीएनयू लिहा. या टूलचेनसोबत (कंपायलर आणि त्याची हत्यारं) लागणारा लिंकर येतो, बिल्ड टूल्सची गरज पडत नाही. सीच्या लायब्रऱ्या जोडणारे काही क्रेट, म्हणजे रस्टची तयार पॅकेजं, पुढे पूर्ण मिंगडब्ल्यू (विंडोजवरची जीएनयूची सी हत्यारं) मागतील, पण शिकण्याच्या पहिल्या काही महिन्यांत ती वेळ सहसा येत नाही.

तिथेच प्रोफाइलही विचारतात. 'मिनिमल' घेतलं तर कंपायलर, स्टँडर्ड लायब्ररी आणि कार्गो एवढंच उतरतं. 'डिफॉल्ट' घेतलं तर रस्टएफएमटी (कोड नीट मांडणारं), क्लिपी (सुधारणा सुचवणारं) आणि सगळं डॉक्युमेंटेशन येतं. या डॉक्युमेंटेशनमध्ये छोट्या छोट्या फाइलींचा ढीग असतो आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो, त्यामुळे 'रस्ट-डॉक्स'पाशी इन्स्टॉलर अडकल्यासारखा वाटतो. खिडकी बंद करू नका, चहा पिऊन या. हा भाग टाळू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण पुढे 'रस्टअप डॉक' एवढी कमांड दिली की नेट नसतानाही अधिकृत शिकवणी आणि लायब्ररीची सगळी माहिती ब्राउझरमध्ये उघडते.

उबंटूवर दोनच अडचणी येतात. 'लिंकर सीसी नॉट फाउंड' आलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. दुसरी म्हणजे एपीटीमधून (उबंटूच्या पॅकेज मॅनेजरमधून) घेतलेलं रस्ट जुनं निघतं. २०२४ एडिशनला (भाषेच्या नियमांचा नवा संच) १.८५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. मित्राचा नवा प्रोजेक्ट आपल्याकडे कार्गोने नाकारला तर आधी 'रस्टसी --व्हर्जन' बघा. आणि कुठल्याही मशीनवर इन्स्टॉल झाल्याबरोबर 'कार्गो सापडत नाही' आलं तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ माहीत नसतो.

कंपायलर: सगळ्यात मोलाचा भाग

रस्टच्या एररला पोरं घाबरतात, कारण ती लांब असते. पण ती वरून खाली वाचायची चीज आहे. एक उदाहरण जवळून बघू. १.५३ आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून नाव 'शेत'च ठेवू.

पहिल्या ओळीत 'लेट शेत = स्ट्रिंग::फ्रॉम("गट ४५");', दुसऱ्या ओळीत 'लेट नवा = शेत;', आणि तिसरीत 'शेत' छापायचा प्रयत्न. कंपायलर थांबतो आणि म्हणतो: ई०३८२, बॉरो ऑफ मूव्ड व्हॅल्यू. खाली तो तीन ठिकाणी बोट ठेवतो. पहिल्या ओळीवर: याचा प्रकार स्ट्रिंग आहे, तो कॉपी होत नाही, म्हणून मालकी सरकली. दुसरीवर: इथे सरकली. तिसरीवर: सरकल्यानंतर इथे वापरलं. आणि शेवटी मदतीची ओळ, की खर्च परवडत असेल तर क्लोन (वेगळी प्रत) करा. इतकं स्पष्ट बोलणारा कंपायलर सीच्या जगात फार उशिरा आला. जास्त हवं असेल तर 'रस्टसी --एक्सप्लेन ई०३८२' दिलं की उदाहरणासकट पानभर खुलासा मिळतो, तोही नेटशिवाय.

मालकी समजायला आपल्याकडे सातबारा आहेच. शेत विकलं, फेरफार मंजूर झाला, की जुन्या मालकाला त्या उताऱ्यावर पीककर्ज काढता येत नाही. स्ट्रिंगचं तसंच. उतारा वाचायला कितीही जण बसले तरी हरकत नाही, तो '&' लावून दिलेला संदर्भ. पण नोंद बदलायची असेल तर एका वेळी एकच हात, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचं नाही, तो '&म्यूट'. सामायिक खातेदार असतील तर 'आरसी' हा प्रकार वापरतात, तो किती खातेदार उरले याची मोजणी ठेवतो. एक फरक मात्र लक्षात ठेवा: शेवटचा खातेदार गेला तरी जमीन जागेवर राहते, रस्टमध्ये मेमरी त्याच क्षणी मोकळी होते.

i३२सारखे (३२ बिटांचे पूर्णांक) आकडे मात्र सरकत नाहीत, त्यांची नक्कल होते. 'मग एकदा चालतं आणि एकदा नाही, असं का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा हमखास प्रश्न ई०५०२ चा. व्हेक्टरमधल्या (वाढत जाणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा संदर्भ घेतला, मग पुश केलं, मग तो संदर्भ छापला, तर कंपायलर अडवतो. 'मी तर शेवटी टाकतोय, पहिल्याला हातही लावला नाही!' ही तक्रार रास्त वाटते. पण व्हेक्टरची जागा संपली की तो सगळा माल मोठ्या गोदामात हलवतो आणि जुना पत्ता ओसाड पडतो. सी++ मध्ये अशा पत्त्यावरून वाचलं तर कधी बरोबर दिसतं, कधी कचरा येतो. रस्ट ते चालूच देत नाही. आणि शेवटची छपाईची ओळ काढून टाकली तर हाच कोड कंपाइल होतो, कारण संदर्भ त्याच्या शेवटच्या वापरापर्यंतच धरला जातो.

जिथे तिथे क्लोन टाकून एरर गप्प करायची सवय पहिल्या महिन्यात चालेल. त्यानंतर दोन बदल करा: फंक्शनला स्ट्रिंगऐवजी '&एसटीआर' द्या, आणि 'फॉर एक्स इन यादी' ऐवजी 'फॉर एक्स इन &यादी' लिहा. निम्मे क्लोन आपोआप गळतात.

कंपायलर सगळं पकडतो असं मात्र समजू नका. पाच घटकांच्या यादीत सहावा मागितला तर प्रोग्रॅम चालता चालता पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन बंद पडतो.

मराठी मजकूर: इथे सगळे अडखळतात

मराठीत काम करणाऱ्याला हा भाग नीट कळायलाच हवा. "जळगाव" ची लेन विचारली तर उत्तर येतं १५. कारण लेन बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. 'कॅर्स' काढून 'काउंट' केलं तर ५ येतं: ज, ळ, ग, काना, व. आपण मोजतो ती अक्षरं मात्र चार. "नंदुरबार" ला बाइट २४, खुणा ८, अक्षरं ५. डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजायची तर 'युनिकोड-सेगमेंटेशन' हा क्रेट लागतो, स्टँडर्ड लायब्ररीत ती सोय नाही.

स्ट्रिंगला सीसारखा नंबर लावून अक्षर मागता येत नाही, कंपायलरच नाही म्हणतो. बाइटचा तुकडा काढता येतो, पण तो खुणेच्या मधोमध पडला तर पॅनिक. "केळी" चे पहिले तीन बाइट घेतले तर प्रोग्रॅम मुकाट चालतो आणि मात्रा तुटून नुसता "क" हाती येतो. ही चूक जास्त वाईट, कारण कुणी ओरडत नाही. तक्ता छापताना रुंदी दिली तरी ती खुणांनुसार मोजली जाते, म्हणून "धुळे" ला चार घरं धरली जातात, दिसतात दोन, आणि पुढचा रकाना सरकतो.

मराठी कीबोर्डचे आकडेही असेच फसवतात. कुणी "४५" टाइप केलं तर मजकुराचा आकडा करणारा पार्स 'इनव्हॅलिड डिजिट' म्हणून परत करतो. त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात, तेव्हा आधी बदलून घ्या. व्हेरिएबलच्या नावात अदृश्य जोडखूण चालत नाही. काही कीबोर्ड 'वाऱ्या' मधला अर्धा र त्या खुणेने लिहितात आणि मग दिसायला बरोबर नाव कंपायलर नाकारतो.

इनपुट आणि आकडे

'प्रिंट!' ने "तुन्हं नाव काय शे?" छापलं आणि लगेच रीडलाइन (टाइप केलेली ओळ वाचणारी) ठेवली, तर प्रश्न पडद्यावर दिसतच नाही, उत्तर दिल्यावर उगवतो. टर्मिनलकडे जाणारं आउटपुट ओळ पूर्ण होईपर्यंत अडकून राहतं. मध्ये एसटीडी-आउट 'फ्लश' करा. रीडलाइन एंटरची खूणही सोबत आणते, म्हणून पार्सच्या आधी 'ट्रिम' हवंच. आणि ती जुना मजकूर पुसत नाही, त्याच्या पुढे जोडते. लूपमध्ये पहिला आकडा चालला आणि दुसऱ्याला एरर आली, तर स्ट्रिंग 'क्लिअर' करायची राहिली आहे.

आकड्यांबाबत एक सावधगिरी इथल्या धंद्यांना थेट लागू पडते. जिनिंगचा किंवा केळीच्या आडतीचा हिशोब पैशांत ठेवायची कल्पना चांगली, पण u३२ मध्ये (३२ बिटांचा, ऋण नसलेला पूर्णांक) ४,२९,४९,६७,२९५ पैसेच मावतात, म्हणजे सव्वाचार कोटी रुपयांच्या थोडं वर. कापसाच्या हंगामात ते सहज ओलांडलं जातं. डीबग बिल्डमध्ये (तपासण्या चालू असलेलं सरावाचं बिल्ड) त्या क्षणी 'अटेम्प्ट टू ॲड विथ ओव्हरफ्लो' म्हणून प्रोग्रॅम थांबतो. रिलीज बिल्डमध्ये (वापरायला द्यायचं वेगवान बिल्ड) थांबत नाही, बेरीज शून्यापासून पुन्हा सुरू होते. i६४ वापरा, आणि पैशाचा प्रश्न असेल तिथे 'चेक्ड_ॲड', ती बेरीज मावत नसेल तर तसं कळवते. रिलीज प्रोफाइलमध्ये 'ओव्हरफ्लो-चेक्स' चालूही करता येतात.

'रस्ट सीपेक्षा हळू का चालतंय?' याचं उत्तरही इथेच आहे. 'कार्गो रन' डीबग बिल्ड करतं, ज्यात ऑप्टिमायझेशन शून्य असतं. '--रिलीज' लावून मोजा, मग बोला.

रॅम, नेट आणि पेनड्राइव्ह

व्हीएस कोड या एडिटरमधलं रस्ट-अनालायझर (लिहिता लिहिता चुका दाखवणारी जोड) उत्तम आहे, पण ४ जीबी रॅमवर ब्राउझरसोबत ते लावलं तर मशीन धापा टाकतं. तिथे साधा एडिटर आणि टर्मिनलमध्ये 'कार्गो चेक' एवढंच ठेवा. चेक ईएक्सई बनवत नाही, नुसत्या चुका तपासतो, म्हणून रनपेक्षा लवकर आटोपतो. ८ जीबी असेल तर अनालायझर बिनधास्त घ्या. तो गप्प बसला तर फोल्डर चुकीचं उघडलं आहे का बघा, कार्गो डॉट टीओएमएल ही प्रोजेक्टची माहितीची फाइल असलेलं फोल्डर उघडायचं असतं.

पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट देताना आधी 'कार्गो क्लीन' करा. चार-पाच क्रेट लावले की 'टार्गेट' फोल्डर शेकडो एमबीचं होतं आणि त्यातलं काहीही देण्याची गरज नसते. कार्गो डॉट लॉक मात्र सोबत जाऊ द्या, म्हणजे समोरच्याकडेही क्रेटच्या त्याच आवृत्त्या उतरतील. गावी नेटचा भरवसा नसेल तर निघण्याआधी कॉलेजच्या वायफायवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'कार्गो फेच' देऊन ठेवा. घरी 'कार्गो बिल्ड --ऑफलाइन' दिलं की काम चालू राहतं. नवा क्रेट जोडायचा असेल तेव्हाच पुन्हा नेट लागेल.