तापीतली क्रूझ आणि सुरतेचा पूल

व्याही पहिल्यांदाच भुसावळला येणार होते. मुलाचं लग्न पुण्यात झालं. त्यांनी आमची ठेप इतकी चांगली ठेवली होती की आता आपली पाळी म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको महिनाभर आधीपासून धास्तावलेलो. भुसावळ म्हटलं की पुण्याच्या माणसाला जंक्शन आणि ऊन, दोनच गोष्टी आठवतात. म्हटलं, डिसेंबर आहे, ऊन नाही, चंपाषष्ठी होऊन गेलीय, म्हणजे वांगंही मोकळं झालंय. दाखवूच यांना खान्देश.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली. संध्याकाळची सहल, माणशी १,२५० रुपये. भुसावळहून घरापासून गाडी, जळगाव शहर दर्शन, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर सूर्यास्त बघत ‘रिव्हर क्रूझ’, शेवटी शेतात चुलीजवळ बसून भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि खापरावरचे मांडे. फोटोत रोषणाई केलेली दुमजली बोट, मागे तारांनी तोललेला देखणा पूल. आम्ही सात जण. ८,७५० रुपये. आगाऊ सगळे भरले तर मांडे मोफत, असंही होतं. मांड्यांच्या नादाला लागून मी सगळे भरले. यूपीआयवर पैसे पाठवताना एका बाईचं नाव आलं, सहल कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणे, “काका, मिसेसचं अकाउंट आहे.” ठीक आहे म्हटलं, आपलेही बरेच व्यवहार मिसेसच्याच नावावर चालतात.

इथे एक कबुली देतो. मी रेल्वेत गार्ड होतो, आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ३४ वर्षं वेळापत्रक बघण्यात गेली. कार्यक्रमात लिहिलं होतं, साडेतीनला भुसावळ, मग जळगावात चार ठिकाणं, मग चांगदेवला सूर्यास्त. जळगाव भुसावळच्या पश्चिमेला पंचवीस किलोमीटर, चांगदेव पूर्वेला. म्हणजे जळगाव बघून परत भुसावळवरून पुढे पन्नासच्या वर किलोमीटर जायचं, आणि डिसेंबरात दिवस सहाच्या आत मावळतो. ही गाडी वेळेवर पोचूच शकत नाही, हे मला कागद हातात आल्याबरोबर कळायला हवं होतं. मी मांड्यांकडे बघत बसलो.

गाडी आली चार वाजून चाळीस मिनिटांनी. ड्रायव्हर पोरगा गोड, सगळ्यांना “काका-काकू, दादा-वहिनी”, विहीणबाईंची पिशवी स्वतः उचलून ठेवली. जळगावात गांधी तीर्थाच्या फाटकाशी पोचलो तोवर आत सोडायची वेळ टळली होती. व्याह्यांना ते संग्रहालय बघायची खरी हौस, त्यांनी बाहेरून एक फोटो काढला आणि “पुढच्या वेळी” म्हणाले. मेहरूण तलाव खिडकीतून झाला. मग मात्र गाडी एका सराफाच्या दारात चाळीस मिनिटं उभी. “सुवर्णनगरी आहे काका, जळगाव बघायचं म्हणजे सोनं बघायचं.” आत चहा आला, ट्रे आले, विहीणबाईंना संकोच पडला म्हणून त्यांनी नातवासाठी चांदीचा वाळा घेतला. (नातू अजून व्हायचाय.) नंतर केळीच्या वेफर्सचं दुकान, तिथे पंधरा मिनिटं. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी व्याह्यांना त्या दुकानात उभं राहून सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं काही हातात नव्हतं.

चांगदेवला पोचलो तेव्हा सव्वासात वाजले होते. काळोख. काळ्या पाषाणाचं ते बिनशिखराचं मंदिर दिवसा बघावं तर जीव रमतो, रात्री नुसता एक मोठा आकार. महाशिवरात्रीच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते, त्या संध्याकाळी एक कुत्रं होतं. गाडीतून उतरताना ड्रायव्हरने लाइफ जॅकेटचे माणशी शंभर असे सातशे रोख मागितले. व्याह्यांचा हात खिशाकडे जायच्या आत मी घाईने दिले. घाटाखाली एक लोखंडी होडी, एक नावाडी, हातात बॅटरी. जॅकेटं दोन. एकाचा पट्टा तुटलेला.

“बसा काका, एक नंबर वाटतं रात्री.”

मी म्हटलं, सात माणसं, दोन जॅकेटं, दिवा नाही, हतनूर धरणाचं पाणी इथपर्यंत फुगलेलं, खोली कुणाला माहीत. विहीणबाईंनी तर सुनेचा हात घट्ट धरून ठेवला होता. मी स्पष्ट म्हणालो, “नाही, आम्ही बसणार नाही. नको आम्हाला.” ड्रायव्हरने मान डोलावली. त्याच्या हातात मोबाइल होता, त्याचा उजेड आमच्या तोंडावर पडत होता. मला वाटलं पायऱ्या दाखवायला बॅटरी लावलीय.

जेवण शेतात नव्हतं. हायवेवरच्या ढाब्यावर, ट्रकांच्या शेजारी. शेवभाजीवर बोटभर तर्री, एवढं एक बरं होतं. पण भरीत? ज्याला भरीत माहीत नाही त्याला सांगतो. आमच्याकडची वांगी मोठी, हिरवी-पांढरी, बी कमी. ती तुराट्या, काड्या पेटवून त्या जाळावर भाजायची, धुराचा वास आत शिरला पाहिजे. साल काढून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. ढाब्यावर आलं ते गॅसवर भाजलेलं जांभळं वांगं, टोमॅटो घातलेलं. टोमॅटो! आमच्या हिने ताटाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. कळण्याची भाकरी म्हणून आली ती साध्या ज्वारीची, उडदाचा पत्ताच नाही. मांडे “आज संपले”.

तिथे मी भांडायला हवं होतं. नाही भांडलो. व्याह्यांसमोर हजार-दीड हजारासाठी आवाज चढवणारा माणूस आपल्या मुलीचा सासरा आहे, हे त्यांनी बघावं? मी उलट म्हणालो, “जरा गडबड झाली त्यांची, पण पोरगा चांगला आहे.” ते म्हणाले, “छे छे, मजा आली.” दोघेही खोटं बोललो आणि डाळ ओढली. आता लक्षात येतं की या धंद्याचं भांडवल तेच आहे. ही सहल कुणी एकट्यासाठी घेत नाही. पाहुण्यांसाठी घेतो. आणि पाहुण्यांसमोर यजमान तोंड उघडत नाही.

पाहुणे गाडीत बसवून दिल्यावर मी फोन केला. पलीकडचा माणूस शांत. “काका, गाडी मिळाली? शहर बघितलं? जेवलात? बोट तयार होती, तुम्हीच नाही म्हणालात.” आणि लगेच व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ. अकरा सेकंदांचा. मी घाटावर उभा, हात हलवून म्हणतोय, “नाही, आम्ही बसणार नाही. नको आम्हाला.” जॅकेटं चौकटीत नाहीत. अंधारही फारसा कळत नाही, कारण उजेड माझ्यावरच होता.

पोलीस ठाण्यात हवालदाराने व्हिडिओ दोनदा बघितला. माणूस भला होता. म्हणाला, “साहेब, पैसे घेऊन पळाला असता तर लगेच घेतली असती तक्रार. हा तर सेवा दिली म्हणतोय. तुम्ही ग्राहक मंचात जा.” १९३० या सायबर हेल्पलाइनवरही मी फोन केला, पण पैसे देऊन आठ दिवस उलटल्यावर. तो नंबर आहे तो गेलेला पैसा वाटेतच अडवण्यासाठी, जितका लवकर कराल तितका उपयोग. माझे पैसे गेले तेव्हा फसवणूक झालीच नव्हती, आणि झाली तेव्हा पैसे मुरले होते.

मुलाने मग बिल काढून बघितलं. बिल आलं होतं व्हॉट्सअॅपवर. तपशिलाच्या जागी दोन शब्द, ‘टूर पॅकेज’. बोट किती वेळ, जेवणात काय, कुठे, काहीच नाही. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि मुक्ताईने ते बघून इतकी वर्षं जगून कोराच राहिलास असं सुनावलं, ही गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना पाठ असते. मला साठीत कोरं बिल आलं. पत्ता नाही. जीएसटी क्रमांक मात्र होता, पंधरा अंकी-अक्षरी, रुबाबदार. मुलगा म्हणाला, बाबा, महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, हा २४ ने होतोय, म्हणजे गुजरातचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघितला तर एका साडी व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की त्याच्या नंबरावर तापीत बोटी चालतात. हे बघायला दोन मिनिटं लागली. पैसे भरायच्या आधीही दोनच लागली असती.

आणि तो पूल. जाहिरात तोवर गायब झाली होती, पण सुनेने माहेरी फोटो पाठवला होता, तो तिच्याकडे राहिला. तो मोठा करून बघितला. भुसावळपासून नंदुरबारकडच्या प्रकाशा गावापर्यंत तापीवर तारांचा असा पूल मी पाहिलेला नाही. तसा पूल आहे तो सुरतेला, अठवा आणि अडाजणला जोडणारा, २०१८ साली सुरू झालेला. म्हणजे नदी खरी होती. तापीच होती. फक्त रुळांवरून तीनशेच्या वर किलोमीटर खाली.

त्या फोटोवर, जीएसटीच्या पानावर आणि यूपीआयवरच्या बाईच्या नावावर मुलाने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात आपण जिथे राहतो तिथेच दावा टाकता येतो, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, हेही कळलं. अडलं ते समोरच्याच्या पत्त्यावर. नोटीस पाठवायची कुणाला, ‘मिसेस’ना? तरी मुलाने तक्रारीचा क्रमांक त्याला पाठवला आणि खाली लिहिलं की साडी व्यापाऱ्यालाही कळवतो आहोत. त्या वाक्याने काम केलं असावं. तासाभरात दोन हजार रुपये परत आले, सोबत दोन शब्द, “विषय संपवा.”

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी मी आणि ही, दोघंच, एसटीने आणि पुढे रिक्षाने चांगदेवला गेलो, भरदुपारी. तोच नावाडी घाटावर जाळं नीट करत बसलेला. ओळखलं त्याने. चहा पाजला, मग हळूच विचारलं, त्या रात्री तुला किती मिळाले?

“दोनशे.”

सात माणसांचे दोनशे?

“नाही भाऊ. बसोयाचे नाही. नुसतं उभं राह्याचे दोनशे. बॅटरी घिऊन उभं राह्य, म्हने. अंधारात मी कोनालेच नेत नाही, मले पोरंबाळं हायेत. आतापरोत कोनी बसलंबी नाही.”

मी घरी येऊन हिशेब मांडला. गाडीचे डिझेल-ड्रायव्हरसकट साडेतीन हजार धरा, सात ताटांचे अकराशे, नावाड्याचे दोनशे. एकूण ४,८००. माझ्याकडून गेले रोख धरून ९,४५०. सराफाचं आणि वेफर्सवाल्याचं त्याला काय सुटलं असेल ते वेगळं. उशीर ही त्याची चूक नव्हती, उशीर हाच त्याचा कार्यक्रम होता. सूर्यास्ताला पोचवलं असतं तर आम्ही बसलो असतो. मग होडी चालवावी लागली असती, जॅकेटं आणावी लागली असती. इंजिनावर चालणाऱ्या प्रवासी बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा असं सगळं लागतं. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्याच तोंडून ‘नको’ म्हणवून घेणं स्वस्त. रात्रीच्या पाण्याला भिणारी एक विहीणबाई प्रत्येक गाडीत असतेच.

त्या नावाड्याने आम्हा दोघांना उन्हात संगमावरून एक चक्कर मारून आणली. पैसे घ्यायला तयार नव्हता, हिने जबरदस्तीने त्याच्या पोराच्या हातात ठेवले.

व्याह्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. सून म्हणते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेही मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहेत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, भाव १,४९९, मांडे अजून मोफत, आणि मागे तोच तारांचा पूल. मी खाली एक ओळ लिहिली, हा पूल सुरतेचा आहे. दहा मिनिटांनी बघितलं तर ओळ नव्हती, आणि मला ती जाहिरातही दिसेना. म्हणून इथे लिहितोय.