ओहायोत घेतलेलं हॉलंड लॉपचं पिल्लू

लेकीला फोर-एच या अमेरिकेतल्या मुलांच्या संघटनेच्या शोसाठी ससा हवा होता, म्हणून हॉलंड लॉप या लोंबत्या कानांच्या छोट्या जातीचं पिल्लू घेतलं. सशांची पैदास करणाऱ्या ब्रीडरबाईंनी पिल्लू आधी टेबलावर बसवलं, ओठ उचलून दात नीट जुळतात ते दाखवलं. मग खांद्यापासून मागे हात फिरवून, पुठ्ठे गोल भरलेत की हाडं टोचतात, हे लेकीच्याच हाताने तपासून घेतलं. फार आवडलं मला ते! डाव्या कानात ओळखीचा टॅटू, सोबत वंशावळ. सहा महिन्यांखालचं म्हणून शोमध्ये ज्युनियर गटात. मोठेपणी 4 पौंडांवर गेलं तर शोमधून बाद. शोच्या मानाने कान जरा लांब आहेत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, तिथेच माझा विश्वास बसला. खाणं एकदम बदलू नये म्हणून पिशवीभर पेलेट्सही दिल्या. किंमत जास्त, पण पटली. वेळ ठरवून जा, मुलांना न्याच.