पाठ मोजल्याशिवाय सॅक न देणारं नवी पेठेतलं दुकान

भाचीला ऑगस्टमध्ये हम्प्टा पासला जायचंय, चौदा हजार फुटांचा पहिलाच हिमालयातला ट्रेक, त्यामुळे तिच्या खरेदीसाठी पुण्यातल्या मॉलमधल्या शोरूमपासून लक्ष्मी रोडच्या बॅगवाल्यांपर्यंत सगळं पालथं घातलं आणि शेवटी जिथे सॅक-बूट घेतले त्या दुकानाबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं. नवी पेठेत शास्त्री रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, भिंतीवर दोर आणि हेल्मेट टांगलेली, सॅक थेट छतापर्यंत रचलेल्या. पार्किंगच्या नावाने शून्य, रिक्षानेच जा.

इथे सॅक दाखवायच्या आधी पाठ मोजतात. बाकी सगळीकडे पहिला प्रश्न "किती लिटरची देऊ?" आणि दुसरा "बजेट किती?" इथल्या काकांनी भाचीला मान खाली घालायला सांगितली, मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो त्यावर टेपचं टोक मला धरायला लावलं, मग तिला म्हणाले दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे, हाडाच्या वरच्या कडेला टेकव, आणि त्या दोन अंगठ्यांच्या मधोमध टेप आणून वाचलं, ४२ सेंटिमीटर. पोरगी पाच फूट सहा इंच आहे! उंची सगळी पायात, पाठ आखूड. तिने आधीच ऑनलाइन बघून ठेवलेली निळी ६५ लिटरची सॅक तिथेही होती आणि त्या रंगावर तिचा जीव जडलेला, पण काकांनी ती खाली काढलीच नाही. "ही तुला देणार नाही मी, हिची पाठ लांब आहे. कमरेचा पट्टा हाडाच्या खाली उतरेल आणि सगळं ओझं खांद्यावर येईल, दुसऱ्या दिवशी मान वळणार नाही तुझी." आठ हजारांचं गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार असं बोलतो ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं.

मग पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी ५० लिटरची काढली, त्यात वाळूच्या पिशव्या भरल्या, दहा किलो तरी असतील, आणि पट्टे कुठल्या क्रमाने ओढायचे ते शिकवलं. आधी सगळे सैल, मग कमरेचा पट्टा हाडावर बसवून घट्ट, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे ते छोटे पट्टे थोडेच ओढायचे म्हणजे सॅक मागे झुकत नाही, आणि सगळ्यात शेवटी छातीचा. नीट बसली की बरंचसं वजन कमरेवर जातं, खांद्यांनी सॅक फक्त सांभाळायची. तशीच तिला बिल्डिंगचे तीन मजले चढायला-उतरायला लावलं. वरून खाली आली तेव्हा निळ्या सॅकचा विषय तिने स्वतःहून बंद केला.

भरताना जड सामान पाठीला चिकटून मधोमध आणि स्लीपिंग बॅग तळाशी हे आपण सगळ्यांनाच सांगतो, काकांनी शिवाय हेही सांगितलं की रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी आत जातंच, आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि तिचं तोंड पिळून बांधा. रेनकव्हरचे वेगळे पैसे मिळाले असते त्यांना, तरी हे सांगितलं.

बुटांचं तर मला अजूनच पटलं. ट्रेकचे मोजे घालून उभं करून पाय मोजले, दोन्ही, कारण एक पाय बहुतेक मोठा असतोच, आणि मोठ्या पायाच्या मापाचे बूट काढले. दुकानात एक तिरकी फळी ठेवलीये, तिच्यावरून खाली तोंड करून चालायचं, बोटं पुढे आपटली तर बूट बाद, चढताना टाच उचलली गेली तरी बाद. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळेच बूट छान वाटतात हो, राजगडावरून गुंजवण्याला उतरताना अंगठ्याची नखं काळी-निळी होतात तेव्हा कळतं. आणि माझं ठाम मत आहे, की फक्त सह्याद्रीत फिरणार असाल तर महागड्या वॉटरप्रूफ बुटांच्या मागे लागू नका. आपल्या पावसात पाणी वरून घोट्यातून आत शिरतं आणि मग त्या बुटातून बाहेर पडत नाही, दिवसभर डबकं घेऊन चालायचं. आपल्या ओल्या काळ्या कातळाला मऊ रबराची पकड लागते, ॲक्शन कंपनीच्या साध्या ट्रेकिंग शूजवर इतकी वर्षं पुण्या-मुंबईचे ट्रेकर उगाच नाही विसंबले. हिमालयात थंड नाला आणि बर्फ असतो तिथे वॉटरप्रूफचा उपयोग आहे, म्हणून भाचीला ते घेतले, पण शेवाळावर जपून असं काकांनीच बजावलं.

क्लाइंबिंगचं सामानही ठेवतात. एक मुलगा हार्नेस, म्हणजे दोराला अडकायला कमरेला-मांड्यांना बांधतात ते पट्टे, घ्यायला आला होता, त्याला तुळईला बांधलेल्या दोरावर चक्क पाच मिनिटं लटकवून ठेवलं, कमरेचा पट्टा हाडाच्या वरच राहतो का, मांड्यांना काचतंय का, सगळं बघितलं. वापरलेला हार्नेस आणि दोर ते विकत नाहीत आणि भाड्यानेही देत नाहीत, कारण आधी काय झटका बसलाय ते बघून कळत नाही. क्लाइंबिंगचं सामान बनवणारी पेट्झलसारखी कंपनी स्वतःच सांगते की कापडी आणि प्लास्टिकच्या वस्तू बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं वापरायच्या, तरी लोक ग्रुपमधला जुना हार्नेस हातोहात फिरवत असतात, कृपा करून असं करू नका.

स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते, ती आम्ही तिथूनच घेणार आहोत. तिच्यावर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं कम्फर्ट लिहिलेलं बघायचं, सगळ्यात कमी आकडा बघून घेतली तर रात्रभर कुडकुडाल.

उणं म्हणाल तर जॅकेट फार कमी आहेत आणि बायकांच्या मापाचे तर दोनच प्रकार, ते आम्ही दुसरीकडून घेतलं. किंमत मोठ्या शोरूमपेक्षा थोडी जास्त पडते, सॅकमागे पाचेकशे रुपये, मला ते अजिबात जड वाटले नाहीत. शनिवार-रविवारी गर्दीत काकांना प्रत्येकाकडे बघायला वेळ होत नाही, त्यामुळे मधल्या वारी संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा पायही दिवसभराने सुजलेले असतात म्हणजे बुटाचं माप बरोबर मिळतं, आणि आपले ट्रेकचे मोजे न विसरता घेऊन जा, तिथे मिळणारे जरा पातळ आहेत.