ओटीचे पैसे की सी-ऑफ? कारखान्यातल्या कामगाराने कशावर ठरवावं

चाकण असो, वाळूज असो की अंबड, डिस्पॅचची घाई सुरू झाली की पाळी सुटल्यावर दोन तास थांबावं लागतं, कधी रविवारी पूर्ण पाळी भरावी लागते. मग सुपरवायझर विचारतो, "ओटी लावू की सी-ऑफ देऊ?" ओटी म्हणजे ओव्हरटाईम, जादा तासांचे पैसे; सी-ऑफ म्हणजे जादा कामाच्या बदल्यात भरपगारी सुट्टी. घाईत बरेच जण तोंडाला येईल ते सांगून मोकळे होतात. पण दोन्हींत पैशाचा फरक मोठा आहे, आणि जादा काम नेमकं कधी केलं यावर उत्तर बदलतं. माझं मत आधीच सांगतो: रोजच्या पाळीनंतरच्या तासांचे पैसेच घ्या. रविवारच्या कामाचं मात्र वेगळं बघावं लागतं.

कायद्यात दोन्ही वेगळ्या जागी आहेत

दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर त्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला, असं 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 59 सांगत आलं. बदली सुट्टीचा विषय कलम 52 आणि 53 मध्ये येतो, आणि तो फक्त हुकलेल्या साप्ताहिक सुट्टीपुरता. मंगळवारचे दोन, गुरुवारचे तीन असे साठलेले तास एका सुट्टीत मिटवून टाकायची सोय त्यात नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेने घेतली. गाभा तिथेही तोच आहे: जादा तासांना दुप्पट दर, हुकलेल्या साप्ताहिक सुट्टीला बदली सुट्टी. शिवाय कामगाराची संमती नसेल तर ओव्हरटाईम करून घेता येत नाही, हे संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे सुपरवायझरच्या प्रश्नाआधी तुमचा "थांबतो" किंवा "आज जमणार नाही" हा शब्द येतो.

आकडे मांडून बघू

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये आहेत, आणि घरभाडं वगैरे धरून एकूण पगार 20,800. ओटीसाठी संहितेत मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात. घरभाडं, प्रवासभत्ता असे भत्ते बाजूला राहतात, पण ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम पुन्हा पगारात मिसळावी लागते. आपल्या उदाहरणात ते निम्म्याच्या आत आहेत. 15,600 ला महिन्यातल्या कामाच्या 26 दिवसांनी भागलं की रोज 600, त्याला पाळीच्या 8 तासांनी भागलं की तासाला 75. दुप्पट दर 150.

सहा दिवसांच्या आठवड्यात चार दिवस दोन-दोन तास थांबलात, म्हणजे 8 तास जादा. ओटीचे 1,200 रुपये झाले. त्याऐवजी एक सी-ऑफ घेतला तर एका दिवसाचा पगार न कापता सुट्टी मिळते. एकूण पगारावर मोजलं तरी तो दिवस 800 रुपयांचा. 400 रुपये तिथेच गेले.

तुम्हाला खरंच सुट्टी हवी असेल तरीही हिशेब ओटीच्या बाजूनेच झुकतो. 1,200 रुपये घ्या आणि पुढे एक दिवस बिनपगारी रजा टाका. 800 कापले जातील, सुट्टी मिळेल आणि वर 400 हातात राहतील. फक्त हजेरी बक्षीस बघून घ्या. कित्येक कंपन्यांत एक खाडा पडला की महिन्याचं पूर्ण हजेरी बक्षीस जातं. ते 400 पेक्षा जास्त असेल तर बिनपगारी रजेचा हा मार्ग तोट्याचा. शिल्लक हक्काची रजा असेल तर ती वापरा, ओटीला हात लावू नका.

मग इतके कामगार सी-ऑफ का मागतात? कारण त्यांना ओटी "सिंगल" मिळतो. पगार स्लिप काढून बघा. ओटी तास 32 आणि समोर 2,400 रुपये लिहिले असतील तर भागाकार करा: तासाला 75. हा साधा दर झाला, तिथे 4,800 हवे होते. सिंगल दराने 8 तासांचे 600 रुपये होतात, आणि त्यापुढे भरपगारी सी-ऑफ साहजिकच बरा वाटतो. चुकीच्या दरामुळे सी-ऑफ फायद्याचा दिसतो, म्हणून निवड करण्याआधी दर तपासा.

दुप्पट दर ही कंपनीची मेहेरबानी नाही. एप्रिल 2020 मध्ये गुजरात सरकारने महामारीचं कारण देऊन कारखान्यांना 12 तासांची पाळी आणि जादा तासांना साध्याच दराने पैसे, अशी मोकळीक दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना त्या काळातला ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे देण्याचा आदेश दिला. टाळेबंदीचं कारण चाललं नाही, तिथे महिनाअखेरच्या डिस्पॅचचं कसं चालेल?

रविवार भरला असेल तर

मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी विकायची वेळ आली तर दोनदा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

इथे दोन परिस्थिती आहेत. कंपनीने आधी नोटीस लावून रविवारऐवजी त्याच आठवड्यातला मंगळवार सुट्टीचा दिला, तर आठवड्याचे तास 48 च राहतात. ही नुसती अदलाबदल झाली, ओटी मागता येत नाही. कारखाना कायद्यात अशी बदली सुट्टी रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच बसवावी लागे, आणि सलग दहा दिवसांच्या वर कुणालाही सुट्टीविना राबवता येत नसे.

दुसरी परिस्थिती जास्त वेळा येते. सहा दिवस भरले, सातवाही भरला, त्या आठवड्यात सुट्टी मिळालीच नाही. तास 56 झाले. वरच्या 8 तासांचे दुप्पट पैसे लागतात, आणि हुकलेल्या सुट्टीची बदलीही त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत मिळायला हवी. इथे "ओटी की सी-ऑफ" हा प्रश्नच अपुरा आहे, कारण दोन्ही मागता येतात. टाईम ऑफिसमध्ये हे ऐकून घेणारा माणूस लगेच भेटेलच असं नाही. तरी मागणी लेखी ठेवा.

सी-ऑफ कधी बरा

पैशाच्या पलीकडची कारणं खरी असतात. लागोपाठ रात्रपाळ्या करून अंग मोडलेलं असतं, गावाकडे पेरणी असते, घरात लग्न असतं. बीड किंवा लातूरहून रांजणगावला आलेल्या माणसाला एक सुटा दिवस फारसा कामाचा नाही, जाण्यायेण्यातच तो संपतो. दोन-तीन सी-ऑफ जोडून मिळत असतील आणि तारखा आधी मंजूर होत असतील, तर रविवारच्या कामाचे सी-ऑफ तसे साठवणं मला पटतं.

पण "बघू नंतर, देतो" असा तोंडी सी-ऑफ अजिबात धरू नका. तीस दिवसांत घेतला नाही तर लॅप्स, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. सुपरवायझर बदलला की जुना शब्द कुणाला आठवत नाही. ठेकेदार बदलला तर वहीच बदलते. ओटीचे पैसे त्या महिन्याच्या स्लिपवर उमटतात, सी-ऑफ कुठे उमटतो ते आधी विचारा.

ओटीलाही एक मर्यादा आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस, तिन्ही ठिकाणी ओटीची रक्कम धरत नाहीत. ती रोख येते आणि खर्च होते, मागे काही साठत नाही. काम कमी झालं की आधी ओटी बंद होतो, म्हणून घराचा किंवा गाडीचा हप्ता ओटीच्या भरवशावर बांधू नका. महाराष्ट्रात तिमाहीला ओटीची मर्यादा 115 तास होती, आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती 144 करायला मंजुरी दिली. महिन्याला 48 तास, वरच्या दराने 7,200 रुपये. रक्कम मोठी दिसते, पण महिन्यात सहा पाळ्या जादा करून ती मिळते. वर्षभर हे झेपेल का, याचं उत्तर घरच्यांना विचारूनच द्यावं.

दुकान, मॉल, हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. जादा तासांना तिथेही दुप्पट दर. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर दोन महिन्यांत बदली रजा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरला कामावर बोलावलं, तर दुप्पट वेतन आणि बदली रजा दोन्ही.

पैसे अडले तर

ज्या दिवशी जादा थांबलात त्या दिवशीच पंचिंगची वेळ स्वतःच्या वहीत किंवा मोबाईलवर नोंदवा, आणि थांबायला सांगणारा मेसेज पुसू नका. वेतन संहितेप्रमाणे थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. ठेकेदाराकडे असाल आणि त्याने हात वर केले तर वेतनाचं देणं मुख्य कंपनीवर येतं. म्हणून अर्जात ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाला आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.